ताटांचा रोजमेळ

व्यापाऱ्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते. दुकानाचे दार ओढून घेण्यापूर्वी रोजमेळ लिहिला जातो. आलेली रक्कम, गेलेली रक्कम आणि गल्ल्यातील शिल्लक यांचा मेळ बसेपर्यंत वडील जागचे उठत नाहीत. शाहूपुरीतील आमच्या गुळाच्या अडतीत तीन पिढ्या हा नेम चालत आला आहे. त्यामागील शहाणपण साधे आहे. आज चुकलेले शंभर रुपये आज रात्री शोधले तर सापडतात; वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना शोधू म्हटले, तर ते कोठे गळाले हे कोणालाच सांगता येत नाही.

शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र आपण रोजमेळ ठेवत नाही. थेट ताळेबंद पाहतो. निकाल लागतो, टक्केवारी कळते, पेढे वाटले जातात किंवा घरात अबोला धरला जातो. मधल्या दिवसांत ते मूल काय जेवले, किती झोपले, कोणाशी मनातले बोलले, ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी कोण होते, याची नोंद कोणाकडेच नसते. हा विषय मी वैद्यकातील अधिकारी म्हणून मांडत नाही. स्वतःच्या घरात आणि पुढे एका लहान विद्यार्थी वसतिगृहाच्या व्यवस्थापन समितीवर काम करताना जे पाहिले, तेवढ्याच आधारावर लिहितो आहे.

वास्तविक मुलांच्या ताटाकडे लक्ष ठेवणे ही कोल्हापूरची जुनी परंपरा आहे. या नगरीला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाते. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगही सुरू झाले. पुढे मुस्लिम व लिंगायत समाजांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे बोर्डिंग, अशी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. फी माफ केली म्हणून खेड्यातील मुलगा आपोआप शिकत नाही. रात्री पाठ कोठे टेकायची आणि सकाळी भाकरी कोण देणार, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, हे त्या राजाने ओळखले होते.

हे महाराज स्वतः मल्ल होते. १९१२ मध्ये त्यांनी बांधलेले खासबाग मैदान आजही गजबजते आणि पेठापेठांतून तालमी अजून घुमतात. तालमीतील वस्तादाचे एक वैशिष्ट्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे. कोणत्या पठ्ठ्याने आज दूध निम्मे टाकले, कोणाच्या बैठका नेहमीपेक्षा कमी भरल्या, कोण मातीत उतरताना घुटमळला, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो त्या पोराला बाजूला घेतो आणि विचारतो, “घरी काय झालंय?” शरीर आणि मन यांची दोन निराळी खाती त्याने कधी उघडलीच नाहीत.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र या विषयात सर्वांत जवळचे आहे. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पण तेथील नियमांशी त्यांचा खटका उडाला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. आजच्या भाषेत हा ‘वाया गेलेला मुलगा’ ठरला असता. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह उभे केले. त्या वसतिगृहातील मुलांसाठी सौ. लक्ष्मीबाई चुलीपाशी राबल्या, आजारपणात त्यांच्या उशाशी बसल्या आणि धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने, शेवटी मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या पोटासाठी दिले. मुलाच्या पानात काय पडले याची चिंता वाहणारे कोणीतरी तेथे होते, ही गोष्ट मला इमारतींच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

आज इमारतींना तोटा नाही. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून कोल्हापूर हे शिक्षणाचे मोठे ठाणे झाले. कोकणातून, सांगली-साताऱ्याकडून, सीमाभागातून मुले येथे येतात आणि आपली मुले पुण्या-मुंबईकडे जातात. वसतिगृहांत वायफाय आहे, व्यायामशाळा आहे, दारावर कॅमेरा आहे. मुलगा रात्री किती वाजता आत आला हे कॅमेरा सांगतो. तो उपाशी झोपला का, हे त्याला सांगता येत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी एका मोठ्या शहरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरातील संस्कारांमुळे सूर्यास्तानंतर न जेवण्याचा आणि कंदमूळ न खाण्याचा तिचा नेम. तो कोणी तिच्यावर लादलेला नव्हता. तिने स्वतः घेतलेला होता. तिच्या वसतिगृहात रात्रीचे जेवण आठ वाजता लागे. प्रात्यक्षिके साडेपाचला संपत. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तिच्या हाती जेमतेम अर्धा तास उरे, आणि त्या अर्ध्या तासात मेसला कुलूप असे. दुपारच्या भाजीत बहुधा बटाटा किंवा कांदा. मग कोरडी चपाती, शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी बिस्किटे. घरून रोज फोन जाई. वहिनी विचारत, “जेवलीस का?” ती म्हणे, “हो.” या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘काय जेवलीस?’ असे विचारले, तरच खरी हकीकत बाहेर पडते.

पहिल्या वर्षाचे गुण उत्तम होते. दुसऱ्या वर्षी केस गळू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. पुढे ती दुपारपर्यंत झोपून राहू लागली, तासांना जाईनाशी झाली, मैत्रिणींशी बोलेनाशी झाली. दिवाळीला घरी आली तेव्हा तिचा चेहरा पाहून आईने पणत्यांचे ताट खाली ठेवले. तपासणीत हिमोग्लोबिन साडेसातच्या घरात निघाले, ‘बी-१२’ हे जीवनसत्त्वही फार कमी होते.

येथे थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ‘बी-१२’ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. घरी दोन वेळा दूध-ताक घेणारे मूल वसतिगृहात गेले की हा पुरवठा एकाएकी तुटतो. त्याच्या अभावी थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विस्मरण होते, मन खिन्न होते. लोहाच्या कमतरतेनेही लक्ष लागत नाही, उत्साह मावळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे ही काही विरळ गोष्ट नाही. म्हणून मूल ‘आळशी झाले’ असा शिक्का मारण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्यावे. तसेच, रक्त भरून आले म्हणजे सगळे संपले, असेही समजू नये.

आमच्या डॉक्टरांनी तेच सांगितले. “गोळ्या-इंजेक्शनांनी अंगात ताकद येईल. पण ही मुलगी कित्येक महिने आतून खचलेली आहे. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.” त्या शब्दासरशी घरात शांतता पसरली. दादांचे कापडाचे दुकान. दिवसभर समाजातील माणसांची ये-जा. वहिनींच्या मनातली भीती अखेर ओठांवर आली. “उद्या स्थळं यायची वेळ आली आणि हे बाहेर कळलं तर?” ही भीती खोटी नव्हती. आपल्यात एका घरची गोष्ट दुसऱ्या दिवशी चार घरांत पोहोचते, आणि पोहोचेपर्यंत तिला पाय फुटलेले असतात.

तोडगा माझ्या आईने काढला. घरात व्रतनेम सर्वांत कडक पाळणारी तीच. तिने आचार्य समंतभद्रांची परंपरेने चालत आलेली कथा सांगितली. मुनी असताना त्यांना भस्मक व्याधी जडली. खावे तितके भस्म व्हावे असा तो विकार. मुनिचर्येत त्यावर इलाज अशक्य. त्यांनी गुरूंपाशी समाधिमरणाची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती दिली नाही. तुझ्या हातून अजून मोठे कार्य व्हायचे आहे, हा वेष तूर्त बाजूला ठेव, व्याधी बरी कर, असे त्यांनी सांगितले. समंतभद्र बरे झाले, त्यांनी पुन्हा दीक्षा घेतली. एवढे सांगून आई म्हणाली, “एवढ्या मोठ्या आचार्यांना गुरू म्हणाले, आधी बरा हो. आपण या पोरीला काय म्हणायचं मग?” दादा उठले आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

मुलगी सहा महिने घरी राहिली. उपचारांत एक गोष्ट शिकण्यासारखी घडली. रात्री जेवणानंतर घ्यायची गोळी ऐकून ती गोंधळली, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी तिचा नेम नीट समजून घेतला आणि गोळ्यांच्या वेळा बसवून दिल्या. पर्युषणात उपवास करावयाचा असेल तर आधी विचारा, औषध परस्पर बंद करू नका, एवढेच त्यांनी बजावले. आपण नेम सांगायला संकोचतो आणि मग गुपचूप औषध सोडतो. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत सांगणे किती सोपे! ती परत गेली तेव्हा वहिनींनी जवळच्या एका घरगुती खानावळीतून पावणेसहाचा डबा लावून दिला. गेल्या जूनमध्ये ती पदवीधर झाली. एक औषध अजून चालू आहे. हे सारे लिहिण्यास तिनेच संमती दिली. लेख छापण्याआधी वाचूनही घेतला.

तिचे सावरणे पाहिल्यावर इतर मुलांचा विचार मनातून जाईना. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. अशा प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. एखाद्या परीक्षेकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. पण जेवण सुटणे, झोप बिघडणे, माणसे टाळणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे, या खुणा पुष्कळदा आधी दिसतात. त्या दिसल्या तर मुलाला एकटे सोडू नये आणि स्वतःला संपवण्याचे विचार मनात येतात का, हे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. मनावरचे ओझे उतरायला वाट मिळते, असे तज्ज्ञ सांगतात. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा.

कायदाही आता आपल्या बाजूने आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावली पाहिजे. प्रवेश घेताना आपण वसतिगृहाची फी, प्लेसमेंट, बसची सोय हे सगळे विचारतो. समुपदेशक कोण, ते किती वाजता भेटतात, संध्याकाळचे जेवण कधी लागते, हेही त्याच खिडकीवर विचारावे. अनेक पालक विचारू लागले, तर संस्थेला उत्तर तयार ठेवावे लागेल.

आमच्या समितीपुढे हा विषय आला तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “आपली मुलं काय वेडी आहेत?” कोषाध्यक्षांची अडचण निराळी होती. एक दानशूर गृहस्थ सभागृहासाठी मोठी रक्कम देण्यास तयार होते, त्यावर नावाची पाटी लागणार होती. समुपदेशकाच्या मानधनावर पाटी कोठे लावणार? चर्चा दोन बैठका चालली. शेवटी सभागृहाचा निर्णय पुढे ढकलून तीन लहान गोष्टी ठरल्या. संध्याकाळी साडेपाच ते सहा ज्यांना हवे त्यांना जेवण मिळेल आणि येण्यास उशीर होणाऱ्याचा डबा सकाळीच भरून दिला जाईल. समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतील, पण त्यांची खोली कार्यालयाशेजारी नसेल. ग्रंथालयामागची असेल, म्हणजे जाणारा-येणारा कोणाच्या नजरेत भरणार नाही. तिसरी गोष्ट ताटांची. भोजनगृहाच्या दारात एक वही ठेवली. चौसष्ट मुले, प्रत्येकाच्या नावापुढे सकाळ-संध्याकाळची खूण. सलग दोन वेळा ज्याची खूण नाही, त्याच्या खोलीवर रेक्टर त्याच दिवशी जातील. रागवायला नव्हे, विचारायला.

मुलांनी या वहीला प्रथम ‘पोलीस चौकी’ असे नाव दिले. पहिल्या महिन्यात रेक्टर ज्या ज्या खोलीवर गेले, तेथील मुलगा बहुतेक वेळा बाहेर मिसळ हाणून आलेला निघाला. कोल्हापुरात दुसरे काय होणार! दुसऱ्या महिन्यात एक मुलगा तापाने फणफणलेला आढळला; खोलीतील सोबती गावी गेला होता आणि तीन दिवस त्याच्याजवळ कोणी नव्हते. वेळेवर रुग्णालयात नेल्याने तो बरा झाला.

त्यानंतरच्या सत्रात एका खोलीचे दार उशिरा उघडले. मुलगा हुशार, गुळगुळीत बोलणारा, कोणाला शंका येऊ नये असा. त्याने एकही पेपर दिलेला नव्हता आणि घरी सर्व परीक्षा सोप्या गेल्याचे कळवले होते. रेक्टर त्या रात्री त्याच्या खाटेवर दोन तास बसले. फार बोलले नाहीत. मग दोघांनी मिळून १४४१६ ला फोन लावला, दुसऱ्या दिवशी समुपदेशकांची भेट झाली, वडिलांना बोलावून घेतले. वडील आले तेव्हा संतापलेले होते. दोन तासांनी मुलाचा हात धरून बाहेर पडले. वसतिगृहात एवढेच सांगण्यात आले की तो गावी गेला आहे. दुसऱ्याचे उणे झाकण्याला आपल्याकडे उपगूहन म्हणतात आणि ढळणाऱ्याला सावरण्याला स्थितीकरण; सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत ही दोन्ही एकापाठोपाठ येतात. प्रवचनात ऐकलेल्या या शब्दांचा अर्थ त्या आठवड्यात मला रेक्टरांच्या वागण्यात दिसला. तो मुलगा पुढच्या जूनमध्ये परत आला. त्याची खोली आणि त्याची खाट त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती.

ताटांची वही आता मुलांच्या सवयीची झाली आहे. तिला ते ‘पोलीस चौकी’ म्हणत नाहीत. एखादा जेवायला आला नाही तर सोबतीच येऊन सांगतो. या वहीला खर्च शून्य आहे. साडेपाचच्या जेवणासाठी आचाऱ्यांना थोडी वाढ द्यावी लागली, तीही निभावली. समुपदेशकांच्या मानधनाची तरतूद मात्र येत्या मार्चपर्यंतच झालेली आहे. एप्रिलपासून काय करायचे, हा विषय पुढील बैठकीत येणार आहे. सभागृहाचा विषयही त्याच बैठकीत आहे.